सोडावे किंवा कसे

८ जुलै, मंगळवार
पोलीस ठाण्यातून पत्र आलं. आमच्या गावचा कृष्णात चौदा वर्षं कळंब्याच्या जेलमध्ये आहे. मुदतीआधी सोडण्याचा त्याचा कागद आता समितीपुढे जाणार. तो परत आला तर गावात काही धोका आहे का, हे पोलीस पाटील या नात्याने मी लिहून द्यायचं. शेवटचा रकाना : 'सोडावे किंवा कसे, स्वतःचा अभिप्राय.' मुदत अठरा तारीख. दहा दिवस म्हणजे भरपूर. निर्भीडपणे लिहायचं ठरवलं. उद्या पूजा झाली की बसतो.

९ जुलै, बुधवार
बसलो. पहिला रकाना, गावाचं नाव. भरला. दुसरा, कैद्याला आसरा कोण देणार. त्याची आई धोंडुबाई; दुसरं कोणी नाही. भरला. तिसरा, मयताच्या घरच्यांचं म्हणणं. म्हणजे हंबीरराव. बांधाच्या भांडणात कृष्णाताच्या हातून गेला तो त्यांचा धाकटा भाऊ. हंबीरराव दूध संस्थेचे चेअरमन आहेत आणि आमच्या दोन म्हशींचं दूध तिथेच जातं. याचा या कामाशी संबंध नाही. फॅट मशीन दाखवेल तीच लागते. तरी दुःखाचं विचारायला दिवस बरा बघावा. उद्या गुरुपौर्णिमा. परवा जातो.

११ जुलै, शुक्रवार
हंबीरराव संस्थेच्या दारातच खुर्ची टाकून बसलेले. गाडी वळवून मागच्या रस्त्याने घरी आलो. भीती नव्हे. चार माणसांत असला विषय काढू नये. संध्याकाळी दूध घेऊन पूर्णिमाला पाठवलं. ती म्हणाली, कुणी इचारलं तर तुमचा पाय दुखतोय म्हणून सांगू, का जीव दुखतोय म्हणून सांगू? बायकोला सरकारी कामातली गोपनीयता कळत नाही.

१३ जुलै, रविवार, सकाळी सात
धोंडुबाई येऊन पायरीवर बसली. पाटील, खोली सारवून ठेवलीया. खोकला काय जात न्हाय. मी हाय तवर येऊ दे की त्याला. मी म्हणालो, मावशी, कामाला लागलोय. हे खोटं नाही. चारातले दोन रकाने झालेत.

१५ जुलै, मंगळवार
दिवसभर विचार. माणूस बदलला का, हे दुसऱ्या माणसाने कसं सांगावं? जेलच्या साहेबांनी त्याला चौदा वर्षं रोज पाहिलंय. मी शेवटचा पाहिला तेव्हा तो माझ्याकडे बसून चहा प्याला होता, साखर जरा जास्त मागून. दोन तासांनी बांधावर कुऱ्हाड. मला तेव्हाही काही दिसलं नव्हतं.
भैरोबाला कौल लावायचा. मूर्तीच्या उजव्या अंगाचं फूल आधी पडलं तर सोडावे, डावं पडलं तर नको. ही पळवाट नाही. सगळ्यात वरच्या साहेबाला विचारणं आहे.

१६ जुलै, बुधवार
तीन तास हात जोडून बसलो. दोन्ही फुलं जागची हलली नाहीत. महालिंग गुरव म्हणाला, पाटील, पावसाळ्याचा गाभारा, ओलं फूल दगडाला चिकटलंय. दोन दिवस न्हाय पडायचं. काय इचारलासा एवढं? सांगितलं. तर म्हणतो, आवं, सरकारनं तुमास्नी इचारलंय, देवाला न्हाय. गुरवाचाच देवावर एवढा कमी विश्वास. वाईट वाटलं.

१८ जुलै, शुक्रवार
मुदत आज. फुलं पडली, पण मी पोचायच्या आत महालिंगाने गाभारा झाडून दोन्ही एकाच सुपात भरली. हवालदार विजयसिंह यांचा फोन आला. पंचवीसला समिती बसतीया. होय तर होय, न्हाय तर न्हाय, दोन ओळी खरडा की पाटील. माणसाच्या आयुष्याबद्दल 'खरडा' हा शब्द बरा वाटला नाही. सोमवारी नक्की म्हणालो.

२१ जुलै, सोमवार
पाच मसुदे केले. त्यातल्या त्यात बरा : 'सोडण्यास हरकत नसावी असे वाटते, तथापि'. पुढे जागा सोडलीय. सोडावे म्हटलं आणि उद्या काही झालं तर बोट माझ्याकडे. नको म्हटलं तर धोंडुबाई रोज दारावरून जाते. अलीकडे ती जाते तेव्हा मी नेमका घरामागच्या परड्यात असतो. असा कागद हाताने लिहिलेला शोभत नाही. टाइप करून आणतो.

२४ जुलै, गुरुवार
कागलला गेलो. टायपिंगवाल्याकडे लाइट नव्हती. हवालदारांचे तीन फोन येऊन गेले. गाडीवर ऐकू येत नाही.

२५ जुलै, शुक्रवार
पहाटे पूजा करताना सगळं स्वच्छ दिसलं. हातानेच लिहिलं : 'सोडावे.' खाली सही. हंबीरराव काय म्हणतील ते म्हणोत. किती दिवसांनी छाती मोकळी झाली. दहा वाजता स्वतः ठाण्यात नेऊन दिलं.
विजयसिंह म्हणाले, टपाल काल सांजलाच गेलं पाटील. मग फाइलची झेरॉक्स पुढे सरकवली. जेलचा अहवाल चांगला. ठाण्याचा चांगला. हंबीररावांचा जबाब दहा जुलैचा, आपणहून येऊन दिलेला : 'माझी हरकत नाही. म्हातारीच्या डोळ्यादेखत घरी यावा.' त्याखाली, पोलीस पाटील : 'अप्राप्त.'

५ ऑगस्ट, मंगळवार
धोंडुबाई पत्र वाचून घ्यायला आली. समितीने लिहिलंय, स्थानिक अहवाल अपूर्ण असल्याने प्रकरण पुढील बैठकीत ठेवावे. मी सांगितलं, मावशी, पुढं ढकललंय. कवापातूर? तारीख दिलेली नाही म्हणालो. कशापायी? एक कागद कमी पडला म्हणालो. कुणाचा? मी चष्मा पुसायला घेतला.
तीच म्हणाली, हंबीररावाचा असंल. त्याचं तरी काय चुकलं, पाठचा भाऊ गेलाय. तुमी तर लई पळापळ केलासा पाटील. देवाला कौल लावलासा माझ्या पोरासाठनं, महालिंग सांगत हुता.
मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.
पत्र ओच्यात खोचून ती उठली. जाऊन त्याच्या पाया पडते म्हणाली, आणि हंबीररावांच्या घराकडे चालू लागली. खोकत, भिंतीला हात धरत.
हाक मारणार होतो. तोवर ती कोपऱ्यावर पोचली होती. कोपरा आमच्या दारापासून वीस पावलांवर आहे. एवढ्या लांब हाक ऐकू गेली नसती.