लवंगांची पुडी

आईला धाकटीचा नमस्कार. मी दोन्ही वेळा जेवते, काळजी करू नकोस. ह्यांच्या छातीतलं पाणी काढलं, आता जरा आडवं होता येतं. कॅन्सर फुफ्फुसातून हाडात गेलाय म्हणे. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. आपण टीबी समजून गोळ्या देत बसलो ना!

पण आई, मला नुसती शिसारी आलीय. मळमळतं म्हणून हे रोज लवंगा मागायचे, मी वेडी आणून द्यायची. काल संडासामागे बघते तर काय, वॉर्डातले चौघे बादलीभोवती बसून एकच विडी फिरवतायत. बादलीत रक्ताची थुंकी, आणि तीच ओली विडी ह्यांच्या तोंडात! एक म्हातारा दात काढून म्हणतो, "सूनबाई, तुमच्या लवंगा झकास! नर्सबाईला वासच येत नाही."

हे म्हणाले, "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

मी पुडी त्याच बादलीत फेकली. मग ह्यांना धरून खाटेवर आणलं. करते काय?

बाळी रांगायला लागली का? माझ्यासाठी रडते का?

बाबा, आईला पत्र तुम्हीच वाचून दाखवताय. इथे थांबू नका, पुढचंही मोठ्यानं वाचा. तुम्हीही बाळीला घेण्याआधी लवंग चघळता. लवंगेनं वास जातो, धूर जात नाही. विडी सुटेपर्यंत माझ्या पोरीला मांडीवर घेऊ नका.

रागावलात तरी तुमचीच,
धाकटी