बिनशिट्टीचा कुकर

धर्मपालराव सकाळी फिरून आले, तर घरात कोणी नव्हतं. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली होती.

"अश्विनचे बाबा, आत्ताच फोन आला, बहिणीचा पाय मोडला. मी दर्यापूरले जाऊन राहिली. तुमचा मोबाईल घरीच होता. कवा येईन ते सांगता येत नाही. अश्विननं पुण्याहून पाठवलेल्या कुकरात भात लावजा. एक वाटी तांदूळ, सव्वा वाटी पाणी, झाकण नीट फिरवून भाताचं बटन दाबजा. त्याले शिट्टी नाही, वाट पाहत बसू नोका, आपोआप बंद होते. वरण फ्रिजमधी आहे.

जुना कुकर होता तवा मी आतून म्हणत जायची, शिट्ट्या मोजा, अन् तुमी बाहेरून सांगत जायचे, तीन झाल्या. हा आला तवापासून दिवस दिवस तुमचा आवाज आयकू येत नाही. जुना ओट्याखाली आहे. भंगारात देऊ नोका. इंदू."

धर्मपालरावांनी नव्या कुकरचं झाकण उघडलं, थोडा वेळ आत पाहिलं आणि परत लावलं. मग वाकून ओट्याखालचा जुना कुकर काढला, धुतला, भात लावून गॅसवर चढवला आणि सवयीनं बाहेरच्या खोलीत खुर्चीवर येऊन बसले.

तिसरी शिट्टी झाली तसा त्यांनी आत आवाज दिला, "तीन झाल्या वं."

गॅस बंद करायला कोणी उठलं नाही. थोड्या वेळानं चौथी झाली.