म्हातारीचं पाडस

१ सप्टेंबर, रविवार

उद्या उजाडताच मूसची, म्हणजे इथल्या अजस्र हरणांची, शिकार सुरू. जागा वाटून झाल्या!

आल्गोतकाकांच्या अंगणात सगळी टोळी जमली होती. चिठ्ठीत ज्याला जी जागा येईल ती त्याची. फक्त दलदलीच्या काठची, जळक्या पाइनखालची जागा चिठ्ठीत कधीच टाकत नाहीत. ती टोळीच्या प्रमुखाची, म्हणजे काकांची, आणि त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांची. मग काकांचं दरवर्षीचं बोलणं, जे मला आता पाठ आहे: "आधी पाडस, मग मादी. मादी एकटी दिसली तर घोड्यावर बोट नाही. तिच्यामागे बघायचं. थांबायचं. पुन्हा बघायचं."

(स्वीडनच्या या टोकाला ऐंशीच्या माणसालाही नुसतं नावाने हाक मारतात. इतक्या वर्षांत जिभेला सवय झाली, लेखणीला नाही. वहीत ते काका, आणि त्यांच्या पत्नी मायवोर त्या काकू. ही लिपी इथे कोणाला वाचता येत नाही, तेव्हा चालतं.)

सीव ट्रक चालवते आणि टोळीत सर्वांत मोठा आवाज तिचा. मला म्हणाली, "काय ग जबडेवाले, यंदा तरी घासभर खाशील की नुसते जबडेच नेशील?" सगळे हसले. मीही हसले, बुटांकडे बघत. मारलेल्या प्रत्येक मूसचा खालचा जबडा गोळा करायचा, दातांवरून वय काढायचं, आणि गळ्यात ठावठिकाणा कळवणारे पट्टे घातलेल्या माद्या कुठे फिरतात ते पडद्यावर पाहायचं, हीच माझी नोकरी. मटण नको म्हटलेलं मात्र अजून कोणाला पटलेलं नाही.

२ सप्टेंबर

पाऊस. दोन जबडे, दोन्ही पाडसांचे. गेल्या वर्षीपेक्षा पाडसं हलकी वाटतात. जंगलात खायला कमी, की खाणारी तोंडं जास्त?

३ सप्टेंबर

दुकानात हेल्गे भेटले, काकूंचे भाऊ. "तुझ्या मूसांना सांग, हेल्गेकडचे शेंडे संपले, आता शेजाऱ्याकडे जा म्हणावं!" म्हणाले ते चेष्टेत, पण त्यांची लागवड मी पाहिली आहे. माणसाच्या उंचीची पाइनची झाडं, आणि एकालाही शेंडा नाही. दर वसंतातल्या बैठकीत जंगलमालक म्हणतात मूस कमी करा, शिकारी म्हणतात वाढू द्या, आणि मग दोन्ही बाजू माझ्याकडे बघतात. मी तक्त्याकडे बघते.

हेल्गेही टोळीत होते. गेल्या वर्षी त्यांनी पाडसाची आई मारली. टोळीचा नियम असा — पाडस सापडेपर्यंत मारणारा बाहेर; हिवाळ्याआधी जिवंत नाहीच सापडलं तर कायमचा बाहेर. पाडस फेब्रुवारीत बर्फात मेलेलं दिसलं. काकांनी हेल्गेंचं नाव खोडलं. सख्ख्या मेव्हण्याचं! तेव्हापासून ते बहिणीच्या घरी कॉफीला येत नाहीत.

४ सप्टेंबर

दुपारी शेकोटीपाशी काकांनी लाकडी पेल्यातल्या कॉफीत चीजचे तुकडे टाकले आणि सहज विचारलं, "म्हातारीचं काय ग यंदा?"

म्हातारी म्हणजे पट्टेवाल्यांतली सर्वांत जुनी मादी. शिकारीच्या दिवसांत पट्टेवाल्यांविषयी शिकाऱ्यांशी अवाक्षर बोलायचं नाही, असा आमच्या कामाचा नियम आहे. पण मला इथे कोणी काही विचारलं की इतकं बरं वाटतं! म्हटलं, "एकटी आहे. जूनमध्ये पाडस होतं, आता नाही. अस्वलाने नेलं असणार."

"नक्की?"

"नक्की."

ऑगस्टपासून तिची चाल लांबली आहे. पाडस गमावलेली मादी अशीच लांब पल्ल्याने फिरते, हे मी वाचलं आहे. दोन ठिकाणी. प्रत्यक्ष जाऊन एकदा पाहिलं, तेव्हाही ती एकटीच दिसली होती.

६ सप्टेंबर, शुक्रवार

काकांनी म्हातारी मारली.

कुत्र्याने तिला दलदलीच्या कडेने आणलं. आपण तिच्यामागे पाहिलं, थांबलो, पुन्हा पाहिलं, असं काका म्हणतात, आणि माझा विश्वास आहे. एकच गोळी. काकूंसकट आम्ही पोचलो तेव्हा ती शेवाळावर कुशीवर पडली होती — गळ्यात माझा पट्टा.

मादी पडली की कास तपासायची, मग ती कोणीही मारलेली असो. सीव गुडघ्यांवर बसली, हातमोजा काढला, सड दाबला.

दूध.

दाट, पांढरं, तिच्या बोटांवरून शेवाळात. मग तिने विजारीला हात पुसला. "आहे म्हणजे. इथंच कुठंतरी लपलंय."

काका माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. त्यांनी बंदुकीतल्या गोळ्या काढल्या आणि ती काकूंच्या हातात दिली.

"हेल्गेला जो नियम, तोच मला."

७ सप्टेंबर

तिचा जबडा आला आहे. पिशवी उघडलेली नाही.

८ सप्टेंबर

दिवसभर शोध. काही नाही.

आईविना पाडसाला इथला हिवाळा निभत नाही. कोणत्या ओढ्याकाठी कोवळ्या फांद्या, कोणत्या उतारावर बर्फ कमी, हे तिच्यामागून चालत शिकायचं असतं. बर्फ पोटाला लागेल इतका चढला की तिने पाडलेल्या वाटेतच पाय टाकायचे असतात. म्हणून उपासमारीआधी शोधून मारायचं, यात दया आहे. यावर मी एकदा परीक्षेत सहा पानी उत्तर लिहिलं होतं. उत्तम गुण मिळाले होते.

१० सप्टेंबर

काका लाकडं फोडत होते. मी बरीच उभी राहिले, मग म्हटलं, "'नक्की' मी म्हटलं होतं."

"हो, म्हणालीस."

कुऱ्हाड खाली आली. ओंडका फुटला.

"बोट माझं होतं."

"मी टोळीला सांगते."

"कशाला? रागवायला त्यांना एक माणूस पुरे आहे." आणि पुढचा ओंडका!

काकूंनी मला बटाट्याचे गोळे वाढले, माझ्यासाठी वेगळे, आत डुकराचं मांस न भरता, वर लोणी. त्या कुजबुजल्या, "लग्न झाल्यापासून शिकारीच्या दिवसांत हा माणूस कधी माझ्या पायात आला नाही. आता दिवसभर स्वयंपाकघरात! काल माझे डबे लावून ठेवले. हळद... ती तू दिलेली ग... दालचिनीच्या डब्यात! सापडू दे बाई ते पाडस." हसल्या, आणि मग पदर नसल्यामुळे पुसायच्या फडक्याने डोळे टिपले.

काकांचं वय धरलं तर 'कायमचा बाहेर' याचा अर्थ एकच होतो: आयुष्यातली शिकार संपली.

१२ सप्टेंबर

हेल्गे आले! कोणी बोलावलं नव्हतं. आपली न भुंकणारी कुत्री घेऊन अंगणात उभे. काका दारात. दोघंही कुत्रीकडेच बघत होते.

"गेल्या साली माझ्यासाठी कोणी चार दिवसांच्या वर शोधलं नाही," हेल्गे म्हणाले.

"नाही शोधलं," काका म्हणाले.

"बूट घाल मग."

संध्याकाळी दोघं परतले. पाडस दिसलं नाही, पण म्हातारी पडली होती तिथल्या चिखलात लहान खुरांचे ठसे होते. ताजे! आई जिथे हरवली तिथेच ते परत परत येतं आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

टोळीची बैठक. पाडसाच्या वाटेवर, जळक्या पाइनखाली रोज कोणीतरी बसायला हवं. पण कोणाला ट्रक आहे, कोणाला गाई, कोणाला शाळा. प्रश्न घोळत राहिला. मग सीव काकांना म्हणाली, "आल्गोत, खरं सांग. तू बघितलंस तरी का मागे? की डोळे गेले?"

काकांनी माझं नाव घेतलं नाही.

शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. बाईंनीच नाव घ्यायचं, मग मी उभी राहायची. आज हात वर केला. "ती एकटी आहे असं मी सांगितलं होतं. पाडस मेलेलं मी पाहिलं नव्हतं. अंदाज केला होता. आणि सांगायला मनाई असताना सांगितलं."

स्वीडिश वाक्यं बरोबर आली. एवढंच लक्षात आहे.

मग सीव: "पडद्यात बघून बोललीस?"

"हो."

"मग आता डोळ्यांनी बघ. परवाना आहे ना तुझ्याकडे?"

आहे. नोकरीत लागतो म्हणून परीक्षा दिली होती. लेखीत पैकीच्या पैकी, नेमबाजीत जेमतेम. आजवर गोळी फक्त पुठ्ठ्यावर झाडली आहे. मी म्हटलं, "मी मांससुद्धा खात नाही."

"खायला कोण सांगतंय!"

कोणी हसलं नाही. ठरलं. जागा माझी, बंदूक काकूंची.

कार्यालयालाही मी आज सगळं लिहून कळवलं. पट्टेवाल्या माद्यांचं काम कदाचित काढून घेतील. घेऊ देत.

१७ सप्टेंबर

काकांनी आपलं रेनडिअरच्या कातड्याचं आसन दिलं. "थंडी खालून येते." आणखी काही सांगतील म्हणून मी थांबले. "बस," म्हणाले.

२४ सप्टेंबर

उद्यापासून माजाच्या दिवसांची सुट्टी, शिकार बंद. रोज पहाटे बसले. डोमकावळे, एक बुजरा कोल्हा, एकदा मोठा नर — तो आमच्या वाट्याचा नव्हता. पाडस नाही. पण सकाळी ठसे असतातच. मी उठून गेल्यावर ते येत असावं.

मनातून बरं वाटतं की ते दिसत नाही. हे कोणाला सांगता येण्याजोगं नाही.

४ ऑक्टोबर

हेल्गे रोज माझा नेम बघायला येतात, मग कॉफीला थांबतात. काका आणि ते पाइनच्या शेंड्यांवरून कडाडून भांडतात. काकू खूश!

हेल्गे मला म्हणाले, "श्वास सोडलास की मग. धरून ठेवायचा नाही." आणि जाताना, "माझं फेब्रुवारीत सापडलं ना, तेव्हा त्याने खोडाची साल सोलून खाल्ली होती. जिथवर तोंड पोचत होतं तिथवर."

१० ऑक्टोबर

पहिला बर्फ. पातळ, दुपारपर्यंत गेला. उद्यापासून शिकार पुन्हा सुरू.

म्हातारीची पिशवी आज उघडली. दाढा मुळापर्यंत झिजलेल्या. तेरा-चौदा वर्षांची असावी. अशा दातांनी चरून ती पाडसाला दूध पाजत होती आणि त्याला लपवून स्वतः चाऱ्यासाठी लांब लांब जात होती. लांबलेली चाल ती हीच. हे मात्र कुठे वाचलेलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दलदलीवर पाडस आलं. मी त्याच्यामागे पाहिलं. थांबले. पुन्हा पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

श्वास सोडला.

पाडसाचा जबडा मीच काढला. काका उद्यापासून आपल्या जागेवर.