गाडी फेल झालेली नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून रोज लिहिणार. घरात बोलून उपयोग नाही, सोसायटीत बोलायची सोय नाही, म्हणून इथे.

गाडीला पंधरा वर्षं होतायत. आपल्याकडे ती सहाच वर्षं आहे, त्याआधी निगडीच्या एका डॉक्टरांची होती आणि ते म्हणे फक्त रविवारी बाहेर काढायचे. आता पुढे चालवायची तर नोंदणी नव्याने करायची, आणि त्यासाठी फिटनेस टेस्ट. वीट आला. पंधरा वर्षांच्या वर वापरलेली किती माणसं रस्त्यावर फिरतायत, त्यांना कोणी विचारतं का?

मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासतो आणि वाईट मालाला लाल टॅग लावतो. तेव्हा गाडी चांगली की वाईट हे मला कोणी शिकवू नये.

विजयश्री गेलं वर्षभर आपल्या गाडीत बसत नाही. नाशिक फाट्याच्या पुलावर गाडी जरा थांबली होती, तेव्हापासून. थांबली होती. बंद पडली नव्हती. त्या दिवशी तिने एसी लावला होता, एवढंच मी तिच्या लक्षात आणून दिलं. पुलावर ट्रॅफिकचा आवाज फार, त्यामुळे थोडं मोठ्याने. तेव्हापासून बाई मार्केटला बसने, माहेरी बसने. मी पार्किंगमध्ये गाडी पुसत असतो आणि ती समोरून पिशवी घेऊन जाते. सोसायटीतले विचारतात, काय राव, वहिनी बसने? लाज वाटते.

आज सरळ विचारलं, टेस्टमध्ये पास झाली तर बसशील का? मेथी निवडत म्हणाली, आधी पास तर होऊ दे, मग बघू.

म्हणजे शब्द दिला. अठ्ठावीस तारखेला राजगुरुनगरला तिच्या मावसबहिणीची वास्तुशांत आहे. त्या दिवशी विजयश्री पुढच्या सीटवर. संकल्प.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गाडी धुतली. डाव्या दारावरचा गंज धुतल्यावर जास्त दिसायला लागला. यापुढे धुवायची नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी सुरू झाली नाही. थंडी.

दुपारी सुरू झाली नाही. ऊन.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

टेस्ट झाली. गाडी फेल झालेली नाही. तिला फेल दिलंय. फरक आहे.

तपासणी केंद्रावर सगळं मशिनवर. माणसाचा अनुभव, नजर, हात, कशालाच किंमत नाही. वर्षाली नावाची एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलेली. म्हणाली, काका, हॉर्न द्या. मी सांगितलं, मी शक्यतो हॉर्न वाजवत नाही, तत्त्व आहे. ती म्हणाली, तत्त्व राहू द्या काका, वाजतो का तेवढं दाखवा. नाही वाजला. सवय नाही त्याला.

एक हेडलाइट आकाशात बघतो आणि एक गटारात, असं तिचं म्हणणं. दोन्ही बाजू कव्हर होतात हे तिला सुचलं नाही. टायर गुळगुळीत. ब्रेक एका बाजूला ओढतो. हँडब्रेक लावून चढावर उभी केली तर मागे आली. चढावर ठेवलेली वस्तू मागेच येणार, हे शाळेतलं विज्ञान आहे. मी मशिनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. तिने दाखवलं. व्यवस्थित होतं. हल्ली असली सर्टिफिकेटं काय, कोणीही देतं.

मग तिला समजावलं की आमच्याकडे डेव्हिएशन म्हणून एक पद्धत असते. माल थोडा इकडेतिकडे असला तरी साहेबांची सही घेऊन पुढे पाठवतात, कोणाचं काही अडत नाही. तिने माझ्या मागची गाडी पुढे बोलावली.

निघताना गाडी सुरू झाली नाही. बॅटरीचा हा मुद्दा रिपोर्टमध्ये नाहीच. त्यावरून यांची तपासणी किती वरवरची आहे ते कळतं.

घरी विजयश्रीने विचारलं, झाली का पास? म्हटलं, रिझल्ट राखून ठेवलाय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

देहूरोडला बुद्धरत्नच्या गॅरेजमध्ये ब्रेक आणि हँडब्रेक नवे करून घेतले. ब्रेकमध्ये मी तडजोड करत नाही. विजयश्री बसणार आहे.

बाकीचं विचारलं तर बुद्धरत्न म्हणाला, साहेब, बॅटरी गेली, टायर गेले, लाइट गेले, हॉर्न गेला. आता गाडीतलं काय राहिलं ते तुम्हीच सांगा, मी तेवढं सांभाळतो. किळस आली. असल्या नकारात्मक माणसांच्या हातात पाने देऊन ठेवलेत.

मी सांगितलं, बाकीचं माझं मी बघतो. कसं ते अजून ठरलेलं नाही. पण बघतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

मार्ग सापडला!

आज ओव्हरटाइम होता. अठ्ठावीसला कस्टमरचं ऑडिट आहे. (वास्तुशांतीच्याच दिवशी. दुपारी सटकता येईल.) त्याची तयारी. पद्धत ठरलेली: लाल टॅगचा माल ताडपत्रीखाली सारायचा, दुसऱ्या प्लान्टमधून चकचकीत माल टेम्पोने आणायचा, रॅकवर मांडायचा आणि ऑडिटर गेला की परत पाठवायचा. नोकरीला लागल्यापासून हेच बघतोय. यात फसवाफसवी काही नाही. ऑडिटर चांगला माल बघायला आलेला असतो, त्याला चांगला माल दाखवायचा. घरी पाहुणा आला की आपण चांगल्या कपबशा काढतोच की.

टेम्पोतली खोकी उतरवून घेताना डोक्यात प्रकाश पडला. सुजित!

सुजित म्हणजे विजयश्रीचा धाकटा भाऊ. बायको पूनमबरोबर देहूरोडला राहतो. त्याची गाडी हुबेहूब आपल्यासारखी. मॉडेल तेच, चंदेरी रंग तोच. पण नको तितके लाड. सीटला कव्हर, कव्हरला प्लास्टिक, स्टिअरिंगला टॉवेल. बघून कसंतरी होतं. मात्र बॅटरी नवी, टायर नवे.

संध्याकाळी जाऊन टेस्टपुरतं सामान मागितलं. सुजित म्हणाला, दाजी, दोनच दिवस ना? म्हटलं, दोनच. मग म्हणाला, अक्काला माहितीये का? म्हटलं, तिला सरप्राइज द्यायचंय. बिचारा दाजीचा शब्द मोडत नाही. एवढा एक गुण आहे त्याच्यात.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बुद्धरत्नकडून अदलाबदल. सुजितची बॅटरी, टायर, लाइट, हॉर्न माझ्या गाडीला आणि माझे त्याच्या गाडीला. बुद्धरत्न सारखं डोकं हलवत होता. मानेचा त्रास असावा.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पास!!

सगळ्या टेस्ट पास. त्याच मुलीने कागद दिला. काका, काम करून घेतलंत, छान झालं, म्हणाली. मी म्हटलं, गाडी मुळात चांगलीच होती, तुमच्या मशिनला उशिरा कळलं.

घरी येऊन कागद विजयश्रीसमोर ठेवला. तिने पूर्ण वाचला. अरे वा, म्हणाली. मग कागदावर माझा चष्मा ठेवून कुकर लावायला गेली. भारावली होती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गाडी काय चालतेय! एका झटक्यात स्टार्ट. हॉर्न तर असा खणखणीत की पिंपरीच्या चौकात रिक्षावाले बाजूला झाले. मी उगाच इतके दिवस वाजवत नव्हतो. जुन्या गाडीत दम असतो, फक्त विश्वास टाकावा लागतो.

सुजितचा फोन. सामान कधी बदलायचं विचारत होता. म्हटलं, ऑडिटची गडबड आहे, रविवारी बघू.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रविवारी जमलं नाही. सुजितचा परत फोन. त्याची गाडी सकाळी सुरू होत नाही, शेजाऱ्यांना ढकलायला बोलवावं लागतं. हॉर्न वाजत नाही. समोरचे लोक लाइटवरून शिव्या देतात.

मला राहवलं नाही. म्हटलं, सुजित, नुसतं प्लास्टिक घालून गाडी सांभाळली जात नाही, मेंटेनन्स लागतो. माझी बघ. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

घोटाळा. ऑडिटच्या दिवशी कोणीही गेटबाहेर जायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. विजयश्रीला म्हटलं, वास्तुशांतीला संध्याकाळी जाऊ. ती म्हणाली, मुहूर्त सकाळचा आहे, मी सुजित आणि पूनमबरोबर जाते. त्याची गाडी भरवशाची आहे.

भरवशाची! शेजारी ढकलतात तेव्हा सुरू होते. हे तोंडावर आलं होतं, पण सांगितलं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. चीड आली. पास झालेली गाडी पार्किंगमध्ये आणि ही फेल गाडीतून जाणार.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी. कंपनीची बस सोडून मुद्दाम गाडीने आलो. ऑडिटर आलेत. ताडपत्री नीट आहे.

साडेअकरा. विजयश्रीचा फोन! सुजितची गाडी चाकणच्या चौकाच्या पुढे ट्रॅफिकमध्ये बंद केली ती परत सुरूच होत नाही. तुम्ही जवळ आहात ना, जरा गाडी घेऊन या, म्हणाली.

गाडी घेऊन या. वर्षभरात पहिल्यांदा. साहेबांचा हुकूम गेला खड्ड्यात.

संध्याकाळी. सगळं क्रमाने लिहितो.

मी पोचलो. रस्त्याच्या कडेला एका मिसळच्या हॉटेलसमोर सुजितची गाडी उभी. विजयश्री उन्हात, काठापदराच्या साडीत. मी लांबूनच हॉर्न दिला. ती आली, दार उघडलं आणि बसली. पुढच्या सीटवर. बसली!! मी फक्त एवढंच म्हटलं की दार हळू लाव. आणि पदर आत घे. आणि एसीला हात लावू नकोस. ट्रकचे आवाज होते म्हणून जरा वरच्या पट्टीत. हॉटेलातले दोघंतिघं वळून बघायला लागले. तरी तिने पदर आत घेतला.

मग म्हणाली, सुजित, या रे तुम्ही पण, यांच्याच गाडीतून जाऊ.

इथे सुजितचं डोकं फिरलं. इतकी वर्षं दाजी दाजी करणारा माणूस. म्हणाला, बास झालं दाजी, माझी बॅटरी द्या. विजयश्री म्हणाली, तुझी बॅटरी यांच्याकडे कशी? त्याने सांगितलं. बॅटरी, टायर, लाइट, हॉर्न. मी मधेच ऑडिटची पद्धत समजावून सांगायचा प्रयत्न केला.

हॉटेलचे मालक अर्जुनराव पाना घेऊन आले. तिथलेच जुने गाववाले, पांढरी टोपी. माझ्या गाडीच्या बोनेटमध्ये डोकावून म्हणाले, ही बॅटरी हिची न्हाई व्हय? मंग हिची कुठाय? सुजितने त्याच्या गाडीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने टोपी सारखी केली. म्हणाला, आमच्याकडं बैलांची करायचे अशी अदलाबदल, पर घरच्यांना सांगून करायचे.

बॅटऱ्या बदलल्या. सुजितची गाडी एका झटक्यात सुरू झाली. माझी नाही झाली. चौघांनी ढकलली, तरी नाही. विजयश्री उतरली आणि सुजितच्या गाडीत जाऊन बसली. पुढच्या सीटवर. पूनमने तिला जागा करून दिली.

अर्जुनरावांनी ट्रॅक्टरचा दोर आणून दिला. सुजितने माझी गाडी दोराला बांधून कंपनीपर्यंत ओढत आणली. सबंध रस्ता मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि पुढच्या गाडीच्या काचेतून विजयश्रीच्या अंबाड्यातला गजरा दिसत होता. एकदाही मागे वळली नाही. वाईट वाटलं. मला खरंच फार वाईट वाटलं.

गेटवर ऑडिटर चहा पीत उभे होते. एकाने विचारलं, ही तुमच्या क्वालिटीवाल्यांची गाडी का? साहेब म्हणाले, नाही नाही, बाहेरची आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

काल गाडी ओढून घरी आणली. सुजित सकाळी येऊन टायर, लाइट, हॉर्न बदलून घेऊन गेला. चहा घेतला नाही.

कागदावर गाडी अजून पाच वर्षं पास आहे. हे मी विजयश्रीला सांगितलं. नवी बॅटरी टाकतो, चारही टायर टाकतो, बुद्धरत्नशी बोलणं झालंय. आता तरी बस.

ती पिशवी घेऊन मार्केटला निघाली होती. जिन्यात थांबली. म्हणाली, अहो, गाडीची मला कधी भीती वाटली नाही. बंद पडली तर पडली. ढकलू, नाहीतर रिक्षा करू, त्यात काय एवढं. ती बंद पडली की तुम्ही माझ्यावर ओरडता. भर रस्त्यात, लोकांसमोर. ते मला नको वाटतं. बसमध्ये मला कोणी बोलत नाही.

मी थक्क झालो. वर्षभर ही बाई बसने जातेय ती यासाठी? मी ओरडत नाही. आयुष्यात मी कधी कोणावर ओरडलेलो नाही. हे मी तिला तिथल्या तिथे, जिन्यातच, पहिल्यापासून समजावून सांगितलं. समोरच्या कौशल्याबाईंनी दार लावून घेतलं. सांगून पूर्ण व्हायच्या आत ती खाली गेली, म्हणून उरलेलं गॅलरीतून सांगितलं. बसस्टॉपवरची सगळी माणसं वर बघत होती. विजयश्री बघत नव्हती.