कोलॅजनचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

हिच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन येत्या सोमवारी. अशी गाठ भोवतीचं कोलॅजन तोडत पसरते, म्हणजे कुंपणच खाते, असं वाचलं आणि शहाणा मी, टावर चौकातून कोलॅजनच्या पावडरचा डबा घेऊन आलो.

ही हसली. “अहो, भिंत पडली म्हणून कोणी विटा खातं का?”

एवढंही मला कळू नये? पण हातावर हात धरून बसू तरी कसा? डबा तांदळाच्या पिंपामागे लपवला.

आत्ता पाहतो तर तोच डबा काढून ही दुधात दोन चमचे ढवळतेय. म्हणाली, “चलो, मी विटा खाते, तुम्ही पोळी खा. कालपासून उपाशी आहात.”

 मी दोन पोळ्या खाल्ल्या.