सुईपासून चोवीस मैल

ता. २२ जानेवारी १९२९, मंगळवार. सकाळी ७.

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उठून आठवडा झाला नाही तोच शेजारी चनबसप्पाच्या घरात दोन उंदीर मरून पडले. त्यातला एक आमच्या सामाईक भिंतीपासून तीन हातांवर. मी मोजले. चनबसप्पाने तो चिमट्याने उचलला, रॉकेल ओतून जाळला आणि वर मलाच म्हणाला, मास्तर, आता गावाबाहेर पडायचं बघा की.

मी मुळीच घाबरलेलो नाही. मी शाळेत चौथीला आरोग्य शिकवतो. उंदीर, पिसू, ताप, मग काखेत गाठ, हे दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगणारा मनुष्य दोन उंदरांना काय भिणार! पहाटेपासून अकरा वेळा हात धुतले ते सवयीने. काख चाचपली तीही सवयीने.

सायंकाळी ६.

दवंडी झाली. प्लेगमुळे शाळा बंद. परवा गुरुवारी सकाळी आठला डॉक्टर आमच्या बोळात येणार, चनबसप्पाच्या दुकानापुढे टेबल मांडणार आणि सर्वांना टोचणार. सौ. (गोजर) म्हणाली, बरं झालं, आपण चौघं पयल्या नंबरला जाऊ.

टोचण्याबद्दल माझे मत जुने व विचारपूर्वक बनलेले आहे. निरोगी शरीराला भोक पाडू नये. यात भीतीचा प्रश्न नाही. पण माझ्या बजाआत्याला राहवते कुठे! तिने माझ्या लेकीला, विजूला, पुन्हा तीच गोष्ट सांगितली. कान टोचायला सोनार आला तर ह्यो तुझा बाप हिंद्या त्याच्या हाताला चावला, आन् लिंबावर चढून बसला, दिवं लागंस्तवर. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. विजू आठ वर्षांची आहे. तिच्यासमोर असे बोलल्याने शिस्त बिघडते.

ता. २३, बुधवार.

प्लॅन सुचला. लोक माळावर झोपड्या घालतात. चूक इथेच आहे. झोपडी एका जागी राहते, म्हणजे उंदीर आज ना उद्या तिथे पोचणारच. पण घरच जर पळू लागले, तर उंदीर ते गाठणार कसे?

गैबीसाबची सर्व्हिस मोटार आठवडाभर नुसती उभी आहे. प्लेगच्या धास्तीने उतारू मिळत नाहीत. गैबीसाब माझा शाळासोबती. बाके काढून टाकली की आत ऐसपैस खोली होते. एका बाजूला अंथरुणे, एका बाजूला स्टो आणि माठ, मध्ये पडदा. टाइमटेबल केले: अक्कलकोट, दुधनी, तिथून निजामाच्या मोगलाईत गुलबर्गा, मग विजापूरचा घुमट. दोन महिने. तोवर साथ संपते, विजूचा भूगोल होतो, प्रकृती सुधारतात.

गैबीसाब म्हणाला, मास्तर, तुमी बोलता तर चलेंगे, पर ब्रेक जरा नरम हैं. मी म्हटले, ब्रेक लावायचाच कशाला? आपल्याला थांबायचे कुठे आहे?

निघायचे उद्या सकाळी सहाला. सौ.ने विचारले, टोचायचं आठला, आपण सहाला का? निव्वळ योगायोग.

ता. २४, गुरुवार.

सहाला निघालो नाही. आत्याने पाटा-वरवंटा, बाजले आणि ज्वारीचे अख्खे पोते चढवले. प्रवासाला पोते कशाला, विचारले तर म्हणाली, वरीसभराचं दाणं उंदराला ठिवून जाऊ व्हय?

पावणेआठला कोपऱ्यावर टेबल आले. टेबलावर पांढरे फडके. फडक्यावर चकचकीत काहीतरी. मी मोटारीत गोधड्यांखाली शिरून सामानाची व्यवस्था पाहू लागलो. सौ.ने बाहेरून हाक मारली, म्हणाली, धा मिनिटांचं काम हाय, टोचून मग निघू. मी आतूनच सांगितले की इंजिन एकदा सुरू झाले की थांबवता येत नाही, त्याला अपाय होतो. गैबीसाब म्हणाला, थांबतंय की, सुरूच किधर किया हैं अजून? या लोकांना यंत्राची शास्त्रीय बाजू कळत नाही. मी हँडल मारायला लावले.

निघालो. ताशी पंधरा मैल, दर वेळी इंजिन तापून बंद पडेपर्यंत. वारा तोंडावर. मी पुढे गैबीसाबशेजारी. समोरून बैलगाडी आली की माझे पाय आपोआप फळी दाबतात. आता पोटऱ्या भरून आल्या आहेत. विजूने विचारले, बाबा, तुम्ही डोळे का मिटता? धूळ.

सायंकाळी ५. वळसंगच्या अलीकडे, विहिरीजवळ.

मोटारीतले घर बघायला पोरे, बाया, म्हातारे, सगळे गोळा झाले. मला बरे वाटले. बिरप्पा नावाचा शेतकरी पडदा वर करून कौतुकाने बघत होता. त्याने विचारले, कुटनं आलासा? मी सांगितले, सोलापूर. सगळे दहा पावले मागे सरले. बायांनी पदर नाकाला लावले. बिरप्पाने लांबूनच विचारले, टोचलंय का? मी म्हटले, आमचे निराळ्या पद्धतीने चालू आहे. त्याने विहिरीला हात लावू दिला नाही. स्वतः पोहरा शेंदून, लांबून आमच्या घागरीत पाणी ओतले. निम्मे बाहेर सांडले.

माणसे माणसांना अशी भितात हे पाहून वाईट वाटले. जाताना एक म्हातारा आमच्या दिशेने खोकला. मी ताबडतोब हात धुतले.

ता. २५, शुक्रवार. सायंकाळी ७.

सकाळी नऊला पोत्यात खुडखुड.

सर्वांना खाली उतरवले. मी टपावर चढून देखरेख केली. गैबीसाबने पोते सोडले. त्यातून एक उंदीर निघाला, त्याच्या पायावरून उडी मारून शेतात पळाला. म्हणजे ज्या प्राण्यापासून आम्ही पळत होतो तो आमच्याच ज्वारीवर बसून, आमच्याच मोटारीतून आला होता!

गैबीसाब खालून ओरडला, जिंदा हैं मास्तर, एकदम तंदुरुस्त हैं, उतरा खाली. पळणारा उंदीर निरोगी असतो हे मलाही ठाऊक आहे. मी सावकाश उतरलो. दुपारी एकला.

पोते फेकून द्या म्हटले तर आत्या पोत्यावर बसली. म्हणाली, मलाबी फेक संगं. शेवटी ज्वारी दिवसभर उन्हात पसरली. आजचा प्रवास: शून्य मैल.

निश्चय: उद्यापासून रोज किमान वीस मैल.

ता. २६, शनिवार. दुपारी २.

सोलापुरापासून चोवीस मैलांवर, अक्कलकोटच्या अलीकडे नाका. बांबू आडवा. टोचल्याचे सर्टिफिकेट असेल तरच आत. नसेल तर तिथेच टोचतात! लिंबाखाली बाक, बाकामागे डॉक्टर आणि सिद्धाराम नावाचा कंपाउंडर. स्पिरिटचा दिवा जळत होता. त्यात तो सुई धरत होता. सुई माझ्या करंगळीएवढी. थोडी जास्तच.

नेमके तेव्हाच मला मोटारीच्या मागच्या चाकाची काळजी वाटू लागली. चाकामागे जाऊन बसलो. चाक उत्तम आहे. नीट खात्री होईपर्यंत सव्वा तास गेला. तोवर सौ., आत्या, विजू आणि गैबीसाब लिंबाच्या सावलीत विसाव्याला गेले होते.

मी टोचून घेणार नसेन, तर मोटार आत जाणार नाही, असे नाकेदार म्हणाला. मोटार वळवली. अर्धा मैल मागे माळावर उभी केली. जागा फार छान आहे. हवा मोकळी. गुलबर्ग्याला काय ठेवले आहे?

सायंकाळी.

सौ. भाकरी थापताना डावा दंड चोळत होती. विचारले तर म्हणाली, चटणी वाटून भरून आला. आत्याचाही डावा दंड दुखतो आहे. गैबीसाबही हँडल मारताना कण्हला. सर्वांनी श्रम कमी करावेत असे सांगितले. माझी प्रकृती सर्वांत चांगली आहे.

ता. २७, रविवार. दुपारी ३.

सौ. आणि आत्या गैबीसाबला घेऊन दुधासाठी अक्कलकोटात चालत गेल्या. नाक्यावर पायी जाणाऱ्यांना अडवत नाहीत म्हणे. विजू झोपली होती. तिला बरे वाटत नव्हते. सौ. म्हणाली, अंगात जरा कसर हाय, पडू द्या.

कपाळाला हात लावला. तवा.

पाणी दिले. प्यायली नाही. बाबा, काखेत दुखतंय, म्हणाली.

चाचपले. डाव्या काखेत गाठ आहे. हरभऱ्याएवढी. पुन्हा चाचपले. आहे.

पिसू पोत्यातल्या उंदरावर असणार. तो पळाला, पण पिसवा गोधडीत राहिल्या असणार. गोधडी मी आणली. मोटार मी आणली. आठला टेबल मांडले होते, दहा मिनिटांचे काम होते, आणि मी गोधड्यांखाली शिरलो. पोरीला वाचवायला नव्हतो निघालो. मी माझा दंड वाचवायला निघालो होतो. आता लिहीत बसायची वेळ नाही.

सायंकाळी ६.

शांतपणे लिहितो.

विजूला खांद्यावर घेतले आणि नाक्याकडे पळालो. अर्धा मैल. एक वहाण वाटेत राहिली. मी रडत होतो असे सिद्धाराम म्हणतो. डॉक्टरांच्या बाकावर तिला ठेवले आणि म्हटले, गाठ आहे, काय वाटेल ते करा, माझा हात तोडा, पण हिला वाचवा.

डॉक्टरांनी काख पाहिली, मग दंड पाहिला. सिद्धाराम म्हणाला, अहो मास्तर, हिला कालच टोचलंय की आमी. एकदोन दिवस ताप येतोच, गाठबी धरती. त्याने वही दाखवली. गोजरबाई, बजाबाई, विजयमाला, गैबीसाब. काल, दुपारी. मी चाक पाहत होतो तेव्हा.

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. विजूला पोटाशी धरले. ती म्हणाली, बाबा, आईनं सांगू नको म्हटलं होतं, बाबा घाबरतील म्हणून.

मग राग आला. माझ्या पाठीमागे माझ्या घरात कट! सौ. आणि आत्या दूध घेऊन तिथेच आल्या. मी सौ.ला म्हटले, मला सांगितले का नाही? ती म्हणाली, सांगितलं असतं तर पोरीला घिऊन विजापूर गाठलं असतं तुमी.

सिद्धाराम म्हणाला, आता आलाच हायसा तर बसा, हूं म्हणस्तवर हुतंय. मी सांगितले, पोरीला आधी घरी नेले पाहिजे. उद्या सकाळी आठला येतो. नक्की. अर्धा मैल जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाला सुई ती काय!

ता. २८, सोमवार. सकाळी ११.

झाले!

विजूचा ताप उतरला म्हणून तिलाही बरोबर नेले होते. बाकावर ताठ बसलो. बाही वर केली. सिद्धारामाने दंडाला स्पिरिट लावले, गार वाटले. त्यापुढे काही कळलेसुद्धा नाही. शपथेवर सांगतो, मुंगी चावल्याइतकेही दुखले नाही. डोळे उघडले तेव्हा मी लिंबाखाली सतरंजीवर होतो आणि आत्या कांदा हुंगवत होती. औषध पोचल्याची ती खूण असावी.

लोक उगाच बाऊ करतात. शाळा उघडली की चौथीला हे सर्व स्वतःच्या उदाहरणाने समजावून सांगायचे. चनबसप्पालाही.

दुपारी १.

दंड सुजला आहे. कोपरापर्यंत ठणका. अंगात कसर. औषध उत्तम लागू पडले आहे. सौ.ला पेज करायला सांगितली. ती माझ्याकडे बघून काही बोलणार होती, पण पदर तोंडाला लावून वळली. बायका हळव्या असतात.

दुपारी ४.

गैबीसाबला सांगितले, सकाळी सर्टिफिकेट दाखवून आत जायचे. मुक्काम दुधनी, परवा मोगलाई. तो बरं म्हणाला, पण हसला. याला हल्ली उगाच हसायची सवय लागली आहे.

सायंकाळी ६.

या वहीत जपून ठेवण्यासाठी सौ.कडे सर्टिफिकेट मागितले. ती म्हणाली, न्हाय. म्हटले, नाही म्हणजे काय? ती म्हणाली, टोचलंच कुटं हाय?

स्पिरिटचा बोळा लागला तेव्हाच मी पडलो म्हणे. सुई अजून दिव्यावरच होती. शुद्ध हरपलेल्या माणसाला टोचत नाही, असे डॉक्टर म्हणाले. दंड बाकाच्या कडेवर आपटला, सूज त्याची आहे. मी पेज मागितली तेव्हा सांगायचे तिच्या जिवावर आले.

मी मोटारीच्या पायरीवर जाऊन बसलो. शेजारी विजू येऊन बसली. म्हणाली, उद्या डॉक्टर परत आठला येणारेत, मी तुमचा हात धरीन. डोळे मिटून बेचा पाढा म्हणायचा, माझं बे चोक आठला झालं होतं.

मी तिला म्हटले, विजू, मला सुईची भीती वाटते. आयुष्यात पहिल्यांदाच हे कोणाला सांगितले.

ती म्हणाली, व्हय की बाबा, ते सगळ्यांना माहीत आहे.