ग्रॅव्हल रूट आणि राहिलेले डोळे

१ जानेवारी, सकाळी, चहाच्या आधी

नवीन वर्ष, नवीन मी. पेण ते रोहा ग्रॅव्हल रूट मी शोधून काढणार. सगळी कच्ची खडी-मातीची वाट, डांबराला होता होईतो शिवायचं नाही. हमरापुरातून, म्हणजे आमच्या दारातून, निघायचं. गागोदे बुद्रुकला डोंगराला भिडायचं. मग पायथ्यापायथ्यानं नागोठणं, निडी, रोहा. फोनच्या नकाशात वरून बघितलं तर सगळ्या वाटा पांढऱ्या रेघांसारख्या स्वच्छ दिसतात. अख्ख्या तालुक्यात हे अजून कुणाला सुचलं नाही. आश्चर्य वाटतं. आणि वाटतही नाही.

घरचा गणपतींचा कारखाना आहेच. तो काही पळून जात नाही.

३ जानेवारी

सायकल आली. सेकंड हँड, पण खरी ग्रॅव्हल बाइक. रुंद टायर, खाली वळलेलं हँडल. महिपतीदादानं हँडलकडे बघून विचारलं, मेंढा आनलास काय? दादाला साचे कळतात, स्पोर्ट्स कळत नाही. मोठा भाऊ आहे म्हणून सोडून दिलं.

बायकोनं, शकूनं, विचारलं, आखणीला कधी बसताय? परदेशी जाणारा माल फेब्रुवारीअखेर उचलला जाणार. तिचं रंगकाम उरकलंय आणि गणपती ओळीनं बिनडोळ्यांचे बसलेत. मी म्हटलं, डोळे मी झोपेतसुद्धा काढीन. दोन-तीन बैठका बास. बापाच्या मागं आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करावी ती मीच. हाच तर त्रास आहे. माणसाच्या हातात कला असली की लोक त्याला पाटावर बसवून ठेवतात.

५ जानेवारी, रविवार

पहिली राइड. पेणपर्यंत. हायवेला धूळ. ट्रकवाल्यांना सायकलिंग कल्चर नाही. पेणला मिसळ खाल्ली. परत टेम्पोनं आलो, कारण पहिल्याच दिवशी बॉडी ओव्हरलोड करायची नसते. एकूण समाधानकारक.

८ जानेवारी

सकाळी पाटावर बसलो. एका गणपतीचा उजवा डोळा काढला. डावा काढायला ब्रश उचलला तर खिडकीतून डोंगर दिसला. पाय हलायला लागले. खऱ्या रायडरचं हे लक्षण असतं. उठून सायकलमध्ये हवा भरली. हवा होतीच. परत बसलो. परत उठलो.

शकू म्हणाली, "अवो, पाटावर मुंग्या हायत काय?"

पाट झटकून घेतला.

१२ जानेवारी, रविवार

गागोद्याकडे निघालो. वाटेत एक पांढरी रेघ पकडली. फोनमध्ये ती सरळ होती. प्रत्यक्षात ती शेतातून चालली होती, आणि थोड्या वेळानं मीच तिच्यावरून सायकल खांद्यावर घेऊन चाललो होतो. भात कापून लोकांनी तिथं वाल पेरलाय. शेंगा तोडणारी एक म्हातारी उभी राहिली. धोंडुबाई नाव, ते नंतर कळलं.

"ए बाबा, वालातनं कुठं चाललास? ही वाट नाय, बांध हाय."

मी सांगितलं की हा ग्रॅव्हल रूट आहे.

"आसल. पन माजा वाल तुडवू नको."

जाताना तिनं ओंजळभर शेंगा दिल्या. म्हणाली, घरी बायकूला दे, तिला सांग नवऱ्याला येकटा सोडू नको. लोक प्रेमळ आहेत, फक्त व्हिजन नाही. रूटमध्ये या भागाला 'टेक्निकल सेक्शन' असं नाव दिलं. इथून परत.

१८ जानेवारी

पनवेलच्या एका सायकल क्लबच्या ग्रुपवर रूट टाकला. खाली लिहिलं, 'टेस्टेड'. फोनवर दोनदा पूर्ण बोट फिरवलंय, अडथळा कुठंच आला नाही.

दुपारी क्लबच्या अनघा केळशीकर यांचा फोन. फार आवडलाय, नऊ फेब्रुवारीला सगळे येतो, तुम्ही लीड कराल ना? अर्थात, म्हटलं. आवाज जरा चिरकला. थंडी.

शकूला सांगितलं. तिनं विचारलं, आणि डोळे?

२ फेब्रुवारी, रविवार

निडीची बाजू तपासायला गेलो. ट्रेननं. सायकल नेली नाही, चढवायला कटकट. स्टेशनच्या बाहेर उभं राहून डोंगर नीट बघितले. उत्तम आहेत. एकाला विचारलं, इथून आतल्या कच्च्या वाटेनं नागोठण्याला निघता येतं का? तो म्हणाला, गाडी येईल ना आता, कशाला उगाच.

निडी सेक्शन: क्लिअर.

या आठवड्यात डोळे झाले नाहीत. बसलो होतो, पण सारखं कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. बाहेर जाऊन बघितलं की कुणी नाही.

८ फेब्रुवारी

दादा आज ओरडला नाही. शेजारी येऊन बसला, ते जास्त वाईट. म्हणाला, "गुणाजी, डोळं नाय झालं तर पितळेशेठ माल दुसऱ्याकडनं उचलतील. बापाच्या येळपासूनचं गिऱ्हाईक हाय. येकदा गेलं का परत येत नाय."

मी म्हटलं, सोमवारपासून. उद्या एकदा लीड केलं की मन मोकळं होईल, मग सपाटाच लावतो. तो म्हणाला, तुजं मन मोकळं झालेलं मी लानपनापासनं बघतो हाय.

ओळीतल्या गणपतींकडे पाठ करून सायकल पुसली.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी, डाव्या हातानं

अक्षर वाईट येतंय त्याचं कारण पुढे.

सुरुवात झकास. क्लबचे सगळे रंगीत कपड्यांत. पेण सुटेपर्यंत मी सर्वांत पुढे. नंतर ते पुढे. खरा लीडर मागून लीड करतो. वालाचं शेत टाळून साध्या रस्त्यानं गागोद्याला आणलं, धोंडुबाईच्या भावनांचा आदर म्हणून. गागोद्याच्या पुढे पांढरी रेघ पकडली. रेघ सुंदर होती. मग ती एका खदानीच्या कडेला जाऊन संपली. खाली नुसती खडी.

सगळे थांबले. अनघाताईंनी अगदी सभ्यपणे विचारलं, "इथून पुढे कसं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, इथूनच उतरायचं.

त्या म्हणाल्या, तुम्ही याआधी उतरलायत का? मी म्हटलं, बघा. आणि उतरलो. मागून त्या ओरडल्या, पुढचा ब्रेक नको! तोपर्यंत तोच दाबला होता.

करवंदीच्या जाळीत पडलो म्हणून डोकं वाचलं. उजवा हात अंगाखाली आला. अनघाताईंनी स्वतःचा रुमाल बांधून हात गळ्यात अडकवला, खडीच्या टेम्पोत बसवून दिलं. क्लब डांबरी रस्त्यानं रोह्याला गेला. म्हणजे रूट अर्धा यशस्वी.

१० फेब्रुवारी

मनगट मोडलंय. प्लास्टर. दादा म्हणाला, घरात प्लास्टर कमी व्हतं काय? स्वतःच्या विनोदावर हसला मात्र नाही. ओळीकडे बघत राहिला.

शकूनं माझे ब्रश धुऊन वाळत घातले.

१४ फेब्रुवारी

शकू पाटावर बसली. कुणीतरी बसायलाच हवं होतं. मी मागं स्टूल घेऊन गायडन्स दिला. बुबुळ वर घे, कड बारीक ठेव, नजरेत जोर आण. तिनं थोडा वेळ ऐकलं.

मग म्हणाली, "तुमी जरा भाईर बसा. हात हलतो माजा."

बाहेर बसलो. आतून कुणी उठल्याचा आवाज जेवणापर्यंत आला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पितळेशेठ माल बघायला आले. ओळीतून हळू चालले. मधेच थांबले. विचारलं, आखणी कुणाची? शकूनं पदर सारखा केला आणि उभी राहिली. दादा म्हणाला, आमच्या शकूची.

शेठ म्हणाले, "गुणाजी, राग मानू नकोस. तुझे गणपती देखणे असायचे, पण कुठंतरी निघाल्यासारखे बघायचे. हे बघ, घरी आल्यासारखे बघतायत."

पुढच्या मोसमाचंही काम याच हातानं हवं, असं सांगून गेले. मी म्हटलं, ट्रेनिंग माझं आहे. शकू आत चहाचे कप उचलायला गेली होती. दादानं ऐकलं असावं.

२४ मार्च

प्लास्टर निघालं. बोटं चालतात. घरी येऊन जाहीर केलं, उद्यापासून मी पाटावर.

शकूनं मान वर केली नाही. रागानं नाही, कड ओढत होती म्हणून. "कशाला? तुमी जावा ना फिरून. तुमाला आवडतंय."

मी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "जा रे. काम चाललंय हितं."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी अडवलं नाही. सायकल बाहेर काढली. फाटकापर्यंत नेली. रस्ता मोकळा होता, ऊन उतरलं होतं. बराच वेळ उभा राहिलो. कुठं जायचं ते आठवेना.

आत आलो. विचारलं, काही मदत हवी का?

शकू म्हणाली, ब्रशच्या भांड्यातलं पाणी गढूळ झालंय, तेवढं बदला.

बदललं. मग थोड्या वेळानं परत बदललं. गढूळ नव्हतं.